बनूबाईची ओळखपरेड

अंबरनाथ पूर्वेच्या मार्केटात, जिथे भाजीवाल्यांची रांग संपते आणि फुलवाल्यांची सुरू होते, त्या सांध्यावर बनूबाई बसते. समोर गोणपाट, गोणपाटावर मुळा, माठ, वालाच्या शेंगा, थंडीत मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीसाठी भांबुर्डीचा पाला, आणि मधोमध स्वतः. माल पालेगावचा. म्हणजे पालेगावात जेवढी माती अजून फरशीखाली गेलेली नाही, तेवढ्यातला. गिऱ्हाईक बहुतेक सगळं टॉवरमधलं. एखादी मॅडम माठाची जुडी उचलते आणि विचारते, "मावशी, ताजी आहे ना?"

"ही कालची हाय," बनूबाई सांगते. "ताजी त्या बाजूची. ही आमटीत घाला, सुकी करू नका."

शेजारची फुलवाली कपाळाला हात लावते. असं सांगून कुणाचा धंदा होतो का? पण बनूबाईचा होतो. मावशी खोटं बोलत नाही, हे एकदा कळलं की टॉवरमधल्या मॅडम लिफ्टमध्ये एकमेकींना सांगतात.

बनूबाईच्या गळ्यात बोरमाळ असायची. नवरा धोंडिबा गेला तेव्हा तिनं डोरलं काढून ठेवलं, बांगड्या उतरवल्या, पण बोरमाळ काढली नाही. गावातल्या दोन-चार जणींनी नाकं मुरडली. "ती त्यांनी लग्नात नाय दिली," बनूबाई म्हणाली. "शेवटचं भाताचं खाचर गेलं रस्त्यात, तवा त्या पैशांतून केली. शेताची माळ हाय ही. ते गेले म्हणून ती कशापायी काढू?" माळ गळ्यात राहिली.

ती माळ डिसेंबरातल्या एका सकाळी गेली.

पालेगावातून रिक्षास्टँडकडे येणारा रस्ता आता चांगला रुंद आहे, दोन्ही बाजूंना अर्धेमुर्धे टॉवर, हिरवी जाळी लावलेले. बनूबाई डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. मागून मोटारसायकल आली, मानेला हिसका बसला, आणि काय झालं ते कळेपर्यंत गाडी पुढे गेलेलीही होती. बनूबाईनं पाटीतला दुधी उचलला आणि भिरकावला. तो मागे बसलेल्याच्या पाठीत बसला आणि फुटला. गाडी डगमगली, पण थांबली नाही.

बोरमाळ लाखेवर सोन्याचा पत्रा चढवलेल्या मण्यांची. दोरा तुटल्यावर बरेच मणी चोराच्या मुठीत गेले आणि उरलेले रस्त्यावर सांडले. बनूबाई रस्त्यात बसून मणी वेचत राहिली. बिल्डिंगवर काम करणारे दोघे मजूर उतरून आले, तेही वेचू लागले. पदराला गाठ मारून ती उठली तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं.

संध्याकाळपर्यंत गावात माळेपेक्षा दुधीचीच चर्चा जास्त. मुलगा प्रमोद, जो टेम्पो चालवतो आणि एरवी कमी बोलतो, तोसुद्धा म्हणाला, "आई, कलिंगड असतं तर पडलाच असता तो."

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली. लिहिणाऱ्या हवालदारानं विचारलं, "तोंड बघितलं का?"

"नाय. पाठ बगितली. निळं जाकीट होतं."

"पुढच्याचं?"

"त्याची तर पाठ बी नाय दिसली."

हवालदारानं तसंच लिहिलं, वाचून दाखवलं, बनूबाईनं अंगठा न देता सही केली. सही करायला तिला सून किर्तीनं शिकवलं होतं आणि ती कुठेही करायची संधी ती सोडत नसे.

मग आठवडाभर काही नाही. आणि एका रविवारी ठाण्यातून फोन आला. माणूस सापडलाय, आजींना घेऊन या.

प्रमोद तिला मोटारसायकलवर घेऊन गेला. फौजदार तरुण होता, बोलायला गोड, डोळ्यांखाली काळं. महिनाभरात त्याच्या हद्दीत इतक्या माळा, मंगळसूत्रं खेचली गेली होती की वरून रोज फोन यायचे. त्यानं बनूबाईला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मोबाईल पुढे केला.

"आजी, हा बघा."

फोटोत एक किडकिडीत माणूस. गालावर खड्डा, केस पुढून विरळ.

"हा कोण?"

"तुमची माळ खेचणारा. अनीश नाव आहे. उल्हासनगरचा, रेकॉर्डवरचा. ह्याच्याकडे निळं जाकीट पण मिळालं."

"निळी जाकिटं पायलीला पन्नास हायत," बनूबाई म्हणाली. "माझ्या प्रमोदकडं बी हाय."

प्रमोदनं नकळत आपल्या अंगाकडे पाहिलं. जाकीट निळंच होतं.

फौजदार हसला. "बरोबर आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ओळखपरेड होणार आहे. सात-आठ माणसं उभी करतील, त्यातला हा दाखवायचा. फोटो नीट बघून ठेवा म्हणजे तिथं गडबडायला होणार नाही."

"पण मी तोंड बगितलंच नाय साहेब. तसं लिहून दिलंय."

"घाबरल्यावर माणूस विसरतो. मग हळूहळू आठवतं." त्यानं टेबलाच्या खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत सोन्याचे मणी होते. "हे बघा. सोनाराकडून आणले. तुमचेच ना? तुम्ही ओळखलंत की कोर्टात अर्ज करायचा, मणी घरी."

बनूबाईनं पिशवी खिडकीच्या उजेडाला धरली. सोनं ते सोनंच. चमकत होतं. प्रमोद खाली वाकून कानाशी पुटपुटला, "आई, हो म्हण. सगळं मिटतंय."

हो म्हणणं फार सोपं होतं, हे बनूबाईनं नंतर कधी लपवलं नाही. गळा मोकळा झाल्यापासून तिचा हात दिवसातून दहा वेळा मानेकडे जायचा. ह्या मण्यांत आपले पदरातले मणी ओवले की माळ पुरी. कोण विचारणार होतं?

पण तिचे मणी बोरासारखे, जरा लांबट. हे गोल होते, वाटाण्यासारखे.

"माझे नाय हे," ती म्हणाली आणि पिशवी टेबलावर ठेवली. "दुसऱ्या कुणा बाईचे असतील. ती रडत असंल घरी."

फौजदारानं प्रमोदकडे पाहिलं. प्रमोदनं छताकडे पाहिलं.

"ठीक आहे," फौजदार म्हणाला. "मण्यांचं राहू द्या. माणूस मात्र बघून ठेवा."

बाहेर आल्यावर प्रमोद लांब लावलेली गाडी आणायला गेला. ठाण्याच्या पायरीवर एक बाई बसली होती, पस्तिशीची, मांडीवर स्टीलचा डबा. तिच्या ओढणीला जीन्सच्या कापडाचे निळे तंतू चिकटले होते. उल्हासनगरात घरोघरी जीन्सचे धागे कापायचं काम चालतं, त्या बायकांच्या कपड्यांना ते असतातच.

"जेवण कुणाला आणलं?" बनूबाईनं विचारलं. कुणाशीही बोलायला तिला ओळख लागत नाही.

"नवऱ्याला." बाईनं डबा जरा जवळ ओढला. "आहे की नाही इथे, तेच कोण सांगत नाही. गुरुवारी दुपारी टपरीवरून उचलला. मी तीन ठाणे फिरली. एक बोलतो इधर नही है, दुसरा बोलतो वहाँ पूछो. आत विचारलं तर बोलले, बसा. सुबहसे बसली आहे."

"नाव काय त्याचं?"

"अनीश."

बनूबाई तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिला एक जुनी गोष्ट आठवली होती. पालेगावात जमिनीची मोजणी आली होती तेव्हाची. शेतकरी बांधावर आडवे झाले, पोलिसांच्या गाड्या आल्या, आणि धोंडिबाला नेलं. तो त्या दिवशी बांधावर नव्हताच, बैलाला औषध आणायला गेला होता. नाव सारखं म्हणून धरला. कुठे ठेवलाय ते कुणी सांगेना. बनूबाई प्रमोदला कडेवर घेऊन एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हिंडली होती. नवरा मेला की जिवंत आहे, हेही ठाऊक नव्हतं. काही दिवसांनी त्याला सोडलं, कुठलाच खटला नाही, कुणी कारणही सांगितलं नाही. धोंडिबा घरी आला, आंघोळ केली, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्या दिवसांबद्दल एक शब्द बोलला नाही.

"त्यानं केलंय काय?" बनूबाईनं विचारलं.

"मालूम नही मावशी. कोणी सांगेल तर समजेल ना."

बनूबाई उठली आणि परत आत गेली. फौजदार जेवायला डबा उघडत होता.

"साहेब, त्या अनीशची बायको बाहेर बसलीय. त्याला इथंच ठेवलाय ना?"

डब्याचं झाकण फौजदाराच्या हातातच राहिलं. "आजी, फिर्यादी तुम्हीच ना?"

"मीच."

"मग तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय. तिला सांगा तो हाय का नाय. का आणलाय ते सांगा. तुमच्या घरचं माणूस कुठं हाय ते तुमाला कळतं का नाय? तिच्या डब्यातलं निवालं बगा सगळं."

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा हवालदार खाली मान घालून हसला. फौजदार चिडला होता, पण आजीवर चिडायचं कसं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं हवालदाराला हात केला. हवालदार बाहेर जाऊन बाईला म्हणाला, "आहे आत. उद्या कोर्टात नेणार, उल्हासनगरला. चोरीचा मॅटर आहे."

एवढंच. पण ती बाई, माया तिचं नाव, पायरीवर डोकं टेकून रडली. आणि रडता रडता म्हणाली, "थँक यू मावशी. आप कौन? तुम्ही कोणासाठी आलात?"

बनूबाईला खोटं बोलता येत नाही, हे आधी सांगितलंच आहे.

"माझी माळ खेचलीय," ती म्हणाली. "ते बोलतात तुझ्या नवऱ्यानं खेचली."

मायानं डोळे पुसले आणि तिच्याकडे बघतच राहिली. मोटारसायकल घेऊन आलेल्या प्रमोदला काय चाललंय ते कळेना. त्यानं आईला मागे बसवलं, आणि वाटेत तिनं त्याला सगळं सांगितलं.

घरी आल्यावर तो भडकला. "सोनं समोर ठेवलं होतं त्यांनी. वर चोराच्या बायकोची वकिली. तुला पडलंय काय?"

"चोर हाय का नाय ते तुला ठाऊक?"

"रेकॉर्डवरचा आहे तो."

"रेकॉर्डवर तर तुझा बाप बी गेला होता," बनूबाई म्हणाली. किर्तीनं दोघांची ताटं वाढली. किर्ती बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, आणि तिच्या हाताला जशी घाई नसते तशी तोंडालाही नसते. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "आई, माझ्याबरोबर कॉलेजात मैत्रेयी होती ना, ती आता उल्हासनगर कोर्टात असते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकारकडून वकील मिळतो, त्या कामात आहे ती. त्या बाईला तिचा नंबर देऊ का?"

"नंबर हाय का त्या बाईचा तुझ्याकडं?"

"नाही."

"माझ्याकडं हाय," बनूबाई म्हणाली. पायरीवर बसल्या बसल्या तिनं तो घेतला होता.

दुसऱ्या दिवशी बनूबाईनं गोणपाट अंथरलंच नाही. भावकीच्या लग्नासाठी साड्या बघायच्या होत्याच; उल्हासनगरला जाऊन येते, एवढंच घरी सांगून ती निघाली. किर्तीनं काही विचारलं नाही. बनूबाई गेली ती थेट कोर्टात. काळ्या कोटांच्या गर्दीत माया एका कोपऱ्यात उभी होती आणि तिच्याजवळ एक उंच, चष्मेवाली मुलगी. तीच मैत्रेयी.

बनूबाई बोलायला पुढे झाली तसा मैत्रेयीनं हात वर केला. "मावशी, मी आरोपीची वकील. तुम्ही फिर्यादी. आपण दोघींनी बोलत उभं राहणं बरं दिसणार नाही. लोक म्हणतील मीच तुम्हाला फोडलं."

"मला कोण फोडतंय. मी बसायला आलेय."

"बसा की. कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असतं."

बनूबाई मागच्या बाकावर बसली. आत गरम होत होतं, पंखा हळू फिरत होता, आणि न्यायाधीश मॅडम एकामागून एक कागद उलटत होत्या. अनीशला आणलं. फोटोतल्यापेक्षा बारीक दिसत होता. सरकारी वकिलांनी सांगितलं, काल अटक केली, तपासासाठी पोलीस कोठडी पाहिजे.

मैत्रेयी उठली. तिचा आवाज बनूबाईला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. अटक काल नाही, गुरुवारी झालीय, ती म्हणाली. धरल्यापासून चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे आणायचं असतं, हे राज्यघटनेत लिहिलंय. का धरलं ते लेखी द्यायचं असतं, तेही दिलेलं नाही. घरच्यांना कळवायचं असतं, तर बायको ठाण्यांच्या पायऱ्या झिजवत होती.

न्यायाधीश मॅडमनी अनीशकडे पाहिलं. "तुला केव्हा आणलं?"

अनीशनं आधी फौजदाराकडे पाहिलं.

"तिकडे नाही. इकडे बघून सांग."

"गुरुवारी. दुपारला."

"कशासाठी धरलं ते सांगितलं होतं?"

"सही घेतली. वाचायला नाही दिलं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फौजदाराला त्यांनी फार काही विचारलं नाही. गुरुवारपासूनची ठाण्याची डायरी आणा म्हणाल्या, खुलासा लेखी द्या म्हणाल्या. पोलीस कोठडी नाकारली आणि ओळखपरेड होईपर्यंत अनीशला तुरुंगात पाठवलं. बनूबाईला अर्ध्याहून जास्त बोलणं कळलं नव्हतं. पण एका माणसाला "इकडे बघून सांग" असं कुणीतरी म्हणालं, ते तिला कळलं. धोंडिबाला असं कुणी म्हणालं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि ती पदरानं तोंड पुसून उठली. साडी न आणता घरी आली. प्रमोद म्हणाला, "पसंत नाही पडली वाटतं."

ओळखपरेड कल्याणच्या तुरुंगात झाली. तिथे पोलिसांना आत येऊ देत नाहीत. नायब तहसीलदार आणि दोन पंच असतात. तहसीलदार पोटानं मोठे आणि आवाजानं मऊ होते. बनूबाईला आधी एका खोलीत बसवून ठेवलं, मग हाक आली. लांब व्हरांड्यात माणसं एका रांगेत उभी. सगळी किडकिडीत, सगळ्यांचे केस पुढून विरळ. एवढी एकसारखी माणसं कुठून गोळा केली, ह्याचंच बनूबाईला नवल वाटलं.

"मावशी," तहसीलदार म्हणाले, "सावकाश बघा. ह्यांच्यापैकी कुणाला ओळखता का?"

बनूबाई रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि मधल्या एकासमोर थांबली.

"ह्याला वळखते."

पंच सरसावले. तहसीलदारांनी पेन उघडलं. अनीशनं डोळे मिटले.

"कुठे बघितलं होतं ह्याला?"

"फौजदार साहेबांच्या मोबाईलमधी. आणि मग कोर्टात."

पेन थांबलं. "आणि रस्त्यावर? माळ खेचताना?"

"रस्त्यावर मी कुणाचंच तोंड नाय बगितलं. पाठ बगितली. तुमी ह्या सगळ्यांना पाठमोरं उभं केलं तरी मला सांगता यायचं नाय, पाठी सगळ्या सारख्याच. माझा दुधी कुणाच्या पाठीत बसला ते दुधीलाच म्हाईत."

पंचांपैकी एक खोकल्याच्या निमित्तानं तोंड फिरवून हसला. तहसीलदार हसले नाहीत. "मोबाईलमध्ये कधी दाखवलं?"

बनूबाईनं सगळं सांगितलं, रविवारचं, चहासकट. त्यांनी ते तिच्याच शब्दांत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "सही करता येते का?"

"येते," बनूबाई म्हणाली, आणि पानाच्या तळाला ठळक अक्षरात नाव काढलं.

त्यानंतर अनीशला जामीन मिळाला. पुढे कोर्टात ती केस उभीच राहिली नाही. ना ओळख, ना माल. ते गोल मणी खरवईच्या एका शिक्षिकेचे निघाले, तिला ते मिळाले. बनूबाईचे उरलेले मणी आजपर्यंत सापडलेले नाहीत. फौजदाराची दुसरीकडे बदली झाली असं ऐकलं, पण ती ह्यामुळे की नेहमीची, ते कुणाला माहीत नाही.

गावात मात्र बनूबाईला सोसावं लागलं. चोराला सोडवून आली, असं नळावर, दुकानात, हळदीकुंकवात बोलणं झालं. सगळ्यात जास्त भडकली गोदू. दोन घरं पलीकडची, बनूबाईपेक्षा बरीच लहान, तिचं मंगळसूत्र दिवाळीत खेचलं होतं आणि मानेवर अजून व्रण होता. ती भर दुपारी ओसरीवर येऊन उभी राहिली.

"तुजं गेलं ते गेलं," गोदू म्हणाली. "पण तो आत राहिला असता तर बाकीच्यांचं तरी वाचलं असतं. कोण जाणे, माझं बी त्यानंच नेलं असंल."

"असंल," बनूबाई म्हणाली. "तू बगितलंस त्याला?"

"नाय."

"मग तू सांगितलं असतंस, हाच म्हणून?"

"सांगितलं असतं," गोदू म्हणाली. "माझ्या मानेला विचार."

बनूबाईनं तिच्या मानेकडे पाहिलं. तो व्रण खरा होता. तिनं गोदूला पाणी दिलं, ते गोदूनं घेतलं नाही. पुढचे बरेच महिने गोदू समोरून आली की रस्त्याची बाजू बदलायची, आणि बनूबाईला ते लागायचं.

उन्हाळा सुरू झाल्यावर एक दिवस माया मार्केटात आली, मागे अनीश. त्यानं सफरचंदांची पिशवी गोणपाटावर ठेवली. बनूबाईनं ती उचलून बाजूला सारली आणि त्याला निरखून पाहिलं. दिवसाउजेडी, मोकळा, असा ती त्याला पहिल्यांदाच बघत होती.

"खरं सांग," ती म्हणाली. "माझी माळ तू घेतलीस?"

"नाही मावशी. कसम से." मग त्यानं मायाकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली केला. "सोनं मी कधी नाही केलं. आधी मोबाईल मारायचो. दो-तीन बार पकडला गेलो. म्हणून तर रेकॉर्डवर आहे."

"मोबाईल?"

"आता बंद केलं. टेम्पोवर हेल्पर आहे."

मायाच्या चेहऱ्यावरून ह्या बंद केल्याची खात्री तिला होती असं काही दिसलं नाही. बनूबाईलाही नव्हती. तिला राग आला होता. हा पठ्ठ्या अगदीच धुतल्या तांदळासारखा असता तर गोदूला तोंडावर सांगता आलं असतं.

"हे बग," ती म्हणाली. "मोबाईल चोरलास आणि मी बगितलं, तर मी बोट दाखवून सांगणार, हाच तो. तवा तुझी बायको रडली तरी ऐकायची नाय."

"हो मावशी."

"पण तुला नेला आणि कुठं नेला ते हिला सांगत नसतील, तर हिनं मला फोन करायचा. तवा मी येणार. चोरी केली असलीस तरी येणार. कळलं?"

अनीशनं मान हलवली. त्याला कितपत कळलं कोण जाणे. मायाला कळलं. तिनं सफरचंदांची पिशवी पुन्हा गोणपाटावर ठेवली आणि ह्या वेळी बनूबाईनं ती राहू दिली.

पदरातले मणी तिनं दरम्यान काळ्या दोऱ्यात ओवून घेतले होते. मणी थोडे, दोरा जास्त. किर्ती म्हणाली, आजकाल अशीच फॅशन आहे. बनूबाईला ते खरं वाटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

गणपती झाले. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेवरून दोन मंडळांची जुंपली, बाटल्या फुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पोरं उचलायला सुरुवात केली. त्यात गोदूचा मुलगा प्रज्वलही होता. नुकतीच नोकरी लागलेला, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच.

बनूबाई भाजीवर पाणी मारत होती. समोर कुणी येऊन उभं राहिलं म्हणून तिनं वर पाहिलं. गोदू होती. केस सुटलेले, पायात दोन वेगळ्या चपला.

"प्रज्वलला नेलंय," गोदू म्हणाली. "सकाळपासून. कुठं ठेवलाय कुणी सांगत नाय. तो नाचत व्हता, पण मारामारीत नव्हता, बनूबाय. म्हंजे मला तरी तसं..." ती थांबली. "मला ठाऊक नाय. मी नव्हते तिथं."

बनूबाईनं हात पदराला पुसले. गोणपाट फुलवालीच्या हवाली केलं, किर्तीला फोन लावून मैत्रेयीला कळवायला सांगितलं, आणि गोदूला दंडाला धरून रिक्षात बसवलं. रस्ताभर गोदू रडत होती आणि मध्येच म्हणत होती, मी तुला काय काय बोलले. बनूबाई म्हणाली, "ते नंतर बग. आधी त्याचं पुरं नाव नीट सांग. बापाच्या नावासकट. नाव सारखं असलं की घोटाळा होतो."

ठाण्यात नवा फौजदार होता. जुना म्हातारा हवालदार मात्र तिथेच. त्यानं दारातून येणाऱ्या बनूबाईला पाहिलं, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरचे कागद उचलले आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा आजी," तो म्हणाला. "आज फिर्यादी कोण?"

"कुणी नाय. पोराची आई हाय ही. तो कुठं हाय आणि कशासाठी आणलाय, एवढं तिला सांगा. मग तुमचं काम तुमी करा, आमी बाहेर बसतो."

हवालदारानं नवीन फौजदाराकडे पाहिलं. फौजदारानं बनूबाईकडे पाहिलं, काळ्या दोऱ्यातल्या मोजक्या मण्यांकडे पाहिलं, आणि रजिस्टर जवळ ओढलं.

"नाव काय मुलाचं?" त्यानं विचारलं, आणि गोदूनं पदर सावरून, रडू आवरून, बापाच्या नावासकट ते सांगायला सुरुवात केली.